ग्रेट स्वॅम्पच्या नऊ फेऱ्या

एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत. त्या खुर्चीचा एक साधा नियम असतो. गाडी फलाटाला लागली, वाहक खिडकीशी आला, तरच ती आली. वळणावर हॉर्न ऐकू आला, बाहेरचा पानवाला "आली, आली" म्हणाला, तरी वहीत लिहायचं नाही. निवृत्तीनंतरही ही खोड गेलेली नाही. त्यामुळे हा अभिप्राय वहीत बघून लिहितोय, आठवून नाही.

लेक-जावई न्यू जर्सीत असतात. यंदा मी आणि आमची ही एप्रिलपासून त्यांच्याकडे होतो. दोन आठवड्यांतच घरात बसून अंग आंबलं. टीव्ही तरी किती बघायचा? मग एका रविवारी जावई म्हणाला, "बाबा, चला, पक्षी बघून येऊ," आणि ग्रेट स्वॅम्प नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज नावाच्या अभयारण्यात घेऊन गेला. तो पहिला दिवस धरून जूनच्या सुरुवातीपर्यंत नऊ फेऱ्या झाल्या.

जागा कुठे आहे म्हणाल तर न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून पश्चिमेला २६ मैलांवर. एवढ्या गर्दीच्या मुलखात साडेसात हजार एकरांहून मोठी दलदल शिल्लक कशी राहिली, हे मला पहिल्यांदा कळेना. त्याची गोष्ट हेलन फेन्स्के व्हिजिटर सेंटरमध्ये कळली. १९५९ साली न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीने, म्हणजे तिथली बंदरं-विमानतळ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने, इथे जेट विमानांसाठी विमानतळ करायचा घाट घातला होता. आजूबाजूच्या लोकांनी वर्गणी काढली, दहा लाख डॉलरच्या वर पैसा जमवला, जवळजवळ ३,००० एकर जमीन विकत घेतली आणि केंद्र सरकारला देऊन टाकली. १९६० मध्ये तिथे अभयारण्य झालं. हेलन फेन्स्के या त्या लढ्यातल्या पुढच्या फळीतल्या बाई. भूसंपादनात सरकार लोकांची जमीन घेतं, हे आयुष्यभर ऐकलं होतं. लोकांनीच जमीन घेऊन सरकारच्या गळ्यात बांधली, हे पहिल्यांदा ऐकलं. १९६८ मध्ये यातल्या पूर्वेकडच्या निम्म्या भागाला 'विल्डरनेस' म्हणजे जसंच्या तसं सोडायचं रान म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. तिकडे मोटार नाही, यंत्र नाही, नुसत्या पायवाटा. आम्ही तिकडे एकदाच गेलो. चिखल घोट्यापर्यंत आला आणि हिच्या गुडघ्यांनी तिथूनच परतीचं तिकीट काढलं.

आमचा मुक्काम असायचा तो लाँग हिल रोडवरच्या वाइल्डलाइफ ऑब्झर्व्हेशन सेंटरला. वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर सरळ इथेच जा. दलदलीवरून लाकडी फळ्यांच्या दोन वाटा काढल्यात, दोन्ही मिळून साधारण मैलभर. चढ नाही, उतार नाही. वाट संपते तिथे पाण्याच्या कडेला आडोशाची खोली आहे. तिला ब्लाइंड म्हणतात. आत बसायला बाक आणि समोरच्या भिंतीला आडव्या फटी. आपण आत, पाखरं बाहेर, आणि त्यांना आपला पत्ता नाही. गाडी लावायच्या जागेजवळ स्वच्छतागृह आहे. आमच्या वयाच्या माणसांना हा मुद्दा पक्ष्यांच्या यादीआधी लागतो. प्रवेश फुकट. वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. पायवाटांवर कुत्री आणता येत नाहीत. मात्र स्वतःची गाडी हवी, त्यावाचून तिथे पोचणं अवघड. आणि शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचे काही दिवस ठरलेले असतात, तेव्हा इतरांना येऊ देत नाहीत. त्या सुमारास जाणार असाल तर आधी विचारून निघा.

पहिली फेरी आमच्याच चुकीने वाया गेली. पोहे-चहा उरकून, आरामात, अकराला पोचलो. वहीत त्या दिवशी चार नोंदी आहेत, त्यातली एक कासवाची. दुसरी चूक दुर्बिणीची. जावयाने हौसेने ऑनलाइन मागवलेली, दहापासून तीस पटींपर्यंत मोठं करून दाखवणारी. तीस पट म्हटल्यावर मीही खूश झालो होतो. पण पट वाढली की हाताची थरथरही तितकीच वाढते आणि दिसणारा तुकडा ताटाएवढा असतो तो वाटीएवढा होतो. पाखरू त्या वाटीत सापडेपर्यंत तिसऱ्या फांदीवर गेलेलं असतं. तिथल्या एका स्वयंसेवक बाईंनी माझी झटापट बघून स्वतःची दुर्बीण गळ्यातून काढून दिली. ८x४२. आठ पट, आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो. पहाटेच्या अंधुक उजेडात हाच भागाकार कामाला येतो. त्यांनी एक युक्तीही शिकवली. नजर पाखरावरून काढायची नाही, मान हलवायची नाही, दुर्बीण तेवढी डोळ्यांपर्यंत उचलायची. मला जमायला तीन फेऱ्या लागल्या. पुढच्याच आठवड्यात आठ पटीची घेतली. तीस पटीची आता नातवाकडे आहे, तो तिने शेजाऱ्यांची मांजर बघतो.

तिसऱ्या फेरीपासून आम्ही पाचच्या आधी घर सोडू लागलो. त्यामागचं कारण कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली. ही छोटी गाणारी पाखरं, म्हणजे वॉर्बलर, थ्रश, ओरिओल वगैरे, हिवाळा मध्य किंवा दक्षिण अमेरिकेत काढतात आणि वसंतात उत्तरेला निघतात. त्यांचा प्रवास बहुतेक रात्रीचा. रात्री हवा स्थिर असते, ससाणे झोपलेले असतात, उजाडलं की खाली उतरून पोट भरायचं. म्हणजे या सगळ्या रातराण्या! दक्षिणेचा वारा असला की रात्रीत लोटच्या लोट येतात. उलटा वारा किंवा पाऊस असला की फेऱ्या रद्द. हवामान खात्याच्या रडारवर हे थवे दिसतात. त्यावरून काल रात्री तुमच्या भागावरून किती पाखरं गेली याचा अंदाज कॉर्नेल विद्यापीठाची मंडळी बर्डकास्ट नावाने रोज देतात. लेक रात्री फोनवर बघून सांगायची, "बाबा, उद्या जादा गाड्या आहेत." मग मी गजर लावायचो.

तरी अडचण होतीच. एप्रिलअखेर झाडांना पालवी फुटते आणि मेच्या मध्यापर्यंत समोर हिरवा पडदा ओढला जातो. आवाज दहा, दर्शन एकाचं. माझ्या नियमाप्रमाणे वहीत एकच नोंद. शेजारच्या बाकावरचे लोक मात्र डोळे मिटून बसायचे आणि भराभरा लिहायचे. मी त्या स्वयंसेवक बाईंना माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, न बघता कसं लिहिता? त्या म्हणाल्या, ऐकलेला पक्षीही पक्षीच, यादीत धरतात. मला पटलं नाही. वाहकाची सही नाही आणि गाडी आली कशी?

यातून वाट काढली ती हिने. हिला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुर्बिणीचा कंटाळा. ती ब्लाइंडमध्ये शाल गुंडाळून बसायची आणि ऐकायची. चौथ्या फेरीला म्हणाली, "अहो, तो कोण मघापासून 'बघितली, बघितली, बघितली' करतोय?" मी कान दिला. खरंच! तीनतीनदा, एका दमात, समोरच्या पाणकणसातून. तिथल्या पुस्तकांत हाच आवाज 'विचिटी-विचिटी-विचिटी' असा लिहितात. कॉमन यलोथ्रोट. मी फटीला डोळा लावून वीस मिनिटं बसलो. शेवटी तो वर आला. दहा फुटांवर, पाणकणसाच्या मागच्या वर्षीच्या वाळक्या दांड्यावर, एक पाय वर एक पाय खाली असा तिरपा. वजन दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या पाच-पाच रुपयांच्या दोन नाण्यांहूनही कमी. डोळ्यांवरून काळी पट्टी, दरोडेखोरासारखी. गळा हळदीचा. गाताना मान मागे टाकायचा, गळ्याची पिसं एकेक सुटी व्हायची आणि प्रत्येक 'बघितली'ला शेपटी थरारायची. एवढ्याशा देहातून तो आवाज काढायला अख्खं अंग लागत होतं. गाणं थांबलं की आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा पाणकणसात.

त्यानंतर हिने सगळ्यांना बोल बसवून टाकले. यलो वॉर्बलर म्हणतो, 'ये ये ये, ये ना लवकर.' टोही नावाचा एक जमिनीवर पाचोळा उकरणारा पक्षी आहे. अमेरिकन माणसाला तो 'ड्रिंक युअर टी' म्हणतोय असं वाटतं, हिला 'चल, चहा पीऽऽऽ' असं ऐकू आलं. सात समुद्रांपलीकडे दोघांनाही त्यात चहाच कसा सापडला, हे काही मला उलगडलं नाही. लाल खांद्यांचा काळा पक्षी, रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड, याला मात्र तिने बोल दिले नाहीत. "दार करकरतंय," एवढंच. आणि ते बरोबर आहे.

कॅटबर्डबद्दल जरा सांगतो, कारण तो आम्हा दोघांचा लाडका. राखाडी अंग, डोक्यावर काळी टोपी, शेपटीखाली विटकरी डाग. मांजरासारखं म्यावतो म्हणून हे नाव. गायला लागला की दहा जणांच्या चोरलेल्या ताना एकामागून एक, पण एकही पुन्हा नाही. त्याचे दोन भाऊबंद आहेत. ब्राउन थ्रॅशर प्रत्येक तुकडा दोनदा म्हणतो आणि मॉकिंगबर्ड तीन-चारदा किंवा जास्तच. म्हणजे न बघता नुसतं मोजून ओळखायचं. हे कळल्यावर माझ्यातला नियंत्रक जरा डळमळीत झाला. मोजता येतं ते नोंदवता आलं पाहिजे. त्या रात्री वहीत एक जादा रकाना आखला. डोक्यावर लिहिलं, 'ऐकली'.

नमुना म्हणून १७ मेचं पान देतो. रात्री दक्षिणेचा वारा होता.

५:४० गाडी लावली. रॉबिन, तीन-चार, आधीपासून चालू. ५:४८ फळ्यांच्या वाटेवर पाऊल, कॅटबर्ड, ऐकला, मग दिसला. ५:५५ यलो वॉर्बलर, मादी, तोंडात पाणकणसाचा कापूस, घरटं चालू. ६:०५ स्वॉम्प स्पॅरो, ऐकला, शिवणयंत्र चालवल्यासारखा. ६:१० ते ६:४० ब्लाइंड, बघितली-बघितली, दोन नर, एकमेकांना उत्तरं. ६:५२ वुड थ्रश, लांब, रानाच्या बाजूला, ऐकला. ७:१५ ब्लॅकपोल वॉर्बलर, ओकच्या शेंड्याला, मान मोडली. ७:३० ही म्हणाली थर्मास कुठाय. ७:३० नंतर नोंद नाही.

त्यातल्या ब्लॅकपोलने मला गार केलं. साधारण बारा ग्रॅमचं पाखरू. आवाज इतका बारीक की माझ्या वयाच्या बऱ्याच माणसांना तो ऐकूच येत नाही. तिथले वयस्कर पक्षिनिरीक्षक त्यावरूनच आपले कान उतरलेत का हे ठरवतात. मला आला! वसंतात तो जमिनीवरून टप्प्याटप्प्याने उत्तरेला जातो. पण शरदात परतताना ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यावरून अटलांटिकवर झेप घेतो आणि दोन ते तीन दिवस कुठेही न थांबता थेट कॅरिबियन बेटांपर्यंत उडतो. पाठीवर चिमुकली यंत्रं बांधून केलेल्या अभ्यासातून २०१५ साली हे पक्कं झालं. विनाथांबा म्हणतात ती ही सेवा. आमच्या विनाथांबा गाड्या चहाला थांबायच्या.

वुड थ्रश हा आपल्याकडच्या कस्तूर पक्ष्यांच्या कुळातला. त्याचा आवाज बासरीचा, पण एकाच वेळी दोन बासऱ्या. पक्ष्यांचा स्वरयंत्राचा डबा श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथे असतो आणि दोन्ही फाटे वेगवेगळे वाजवता येतात. थ्रश त्या दोन्हींवर निरनिराळे सूर धरतो. शेवटची किणकिण त्यातून निघते. सांगून कळणार नाही, संध्याकाळी किंवा पहाटे रानाच्या कडेला उभं राहा.

प्लेझंट प्लेन्स रोडच्या बाजूला कुरणांत खांबांवर लाकडी खोकी लावलेली दिसतात. ती ब्लूबर्डची. पोकळ झाडं कमी झाली आणि युरोपातून आणलेल्या स्टार्लिंग आणि चिमण्यांनी उरलेल्या ढोल्या बळकावल्या, म्हणून ही सोय. भोक दीड इंचाचं ठेवतात. ब्लूबर्ड आत जातो, स्टार्लिंग अडकतो. ट्री स्वॅलो मात्र आरामात जातो, आणि मग एका खोक्यासाठी निळा विरुद्ध निळा अशी मारामारी. आम्ही एकदा गाडीत बसून पाऊण तास बघितली. आरक्षण एकाचं, सीटवर दुसराच, आणि तिसरा खिडकीतून रुमाल टाकतोय. मला कुठल्याही पक्ष्याने इतकं घरच्यासारखं वाटू दिलं नाही.

आता त्रासाचं. मेच्या शेवटापासून डास, दुपारकडे चावऱ्या माशा. ते सहन होतं. गोचिडींचं तसं नाही. हरणांवरच्या बारक्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो आणि तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. फिकट कपडे, पायजमा मोज्यांत खोचलेला, वाट सोडून गवतात पाय नाही, आणि घरी आल्यावर अंग तपासायचं, गुडघ्यामागे आणि कानामागेसुद्धा. मी सहाव्या फेरीला फोटोच्या नादात दोन पावलं गवतात गेलो आणि मोज्यावर एक सापडली. चावली नव्हती. घरात तिच्यावरून जे ऐकावं लागलं ते मात्र चावलं. कडेला तीन-तीन पानांची चकचकीत वेल दिसली तर हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही, अंगावर फोड येतात.

मध्ये एकदा लेकीने हौसेने दुसऱ्या एका ठिकाणच्या, पैसे भरून केलेल्या पक्षी-सहलीलाही पाठवलं. माणशी चाळीस डॉलर. चौदा माणसं एका वाटेवर, पुढच्याला दिसलेलं मागच्याला पोचेपर्यंत उडून गेलेलं. वाटाड्या खिशातल्या स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बाहेर काढत होता. नर बिचारा हद्दीत दुसरा नर घुसला समजून घरटं, चारा सगळं सोडून धावत यायचा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. फोटो सगळ्यांना मिळाले. माझ्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे. खोटी घोषणा करून प्रवासी फलाटावर पळवायचे आणि गाडीच नाही, असला प्रकार. ग्रेट स्वॅम्पमध्ये त्यानंतर ब्लाइंडच्या बाकावर बसलो तेव्हा कोणीच काही वाजवत नव्हतं, हे पहिल्यांदा लक्षात आलं.

फुकटची सेवा वापरून नुसतं निघून यायला जिवावर आलं. तेव्हा लेकीने टपाल कार्यालयातून डक स्टॅम्प आणून दिला. पंचवीस डॉलर. १९३४ पासून चालू आहे. बदकांच्या शिकाऱ्यांना तो सक्तीचा, पण कोणीही घेऊ शकतं. त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा राखण्यात जातात. तिकीट म्हणून बघितलं तर सुंदर आहे, पत्राला लावता येत नाही एवढंच. माझ्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवलंय.

जायचंच असेल तर १० ते २० मे यातली सकाळ धरा, आदल्या रात्री दक्षिणेचा वारा बघून. मैलभर चालायची घाई करू नका. ब्लाइंडमध्ये तासभर बसा. आम्ही ज्या दिवशी चाललो त्या दिवशी नोंदी कमी आहेत आणि बसलो त्या दिवशी जास्त, नऊही फेऱ्यांत. थर्मास बरोबर ठेवा. तारे द्यायचे तर पाचपैकी पाच. गोचिडींचे मी कापत नाही, त्या खात्याच्या नोकरीत नाहीत.

एकच पक्षी राहिला. व्हीरी. हाही थ्रशच, तांबूस पाठीचा, दाट ओलसर रानात खालच्या खाली फिरणारा. त्याचं गाणं जिन्यावरून गोटी सोडल्यासारखं गरगरत खाली उतरतं. पाच वेळा ऐकलं. पाचही वेळा मी दुर्बीण घेऊन उभा, मागे ही बाकावर. तो काही फलाटाला लागला नाही. शेवटच्या फेरीला, २ जूनला, ही म्हणाली, "अहो, बसा आता, येतोय ना आवाज." बसलो. वहीत आहे: ६:२०, व्हीरी, आली. कोणत्या रकान्यात टाकायची ते लिहायचं राहून गेलं.